तिची ओढ

"अहो, अंग सैल सोडा ना!" ती पोहण्याच्या तलावाच्या काठावरून ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य आपलं नाही.

पाण्यात दातांची डॉक्टरीण होती. पन्नाशी ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा काढून ठेवल्यामुळे सगळ्या जगाकडे संशयाने बघणारी, आणि पाठीवर तरंगायला शिकल्याशिवाय मरणार नाही असं पहिल्याच दिवशी जाहीर करून बसलेली. तिचे दोन्ही हात काठाच्या लोखंडी नळीला चिकटले होते, मान ताठ, हनुवटी छातीला लागलेली. "सोडलंय की!" डॉक्टरीण म्हणाली. "कुठे सोडलंय? दाराच्या फळीसारख्या ताठ झाल्या आहात. सैल सोडा, मग आपोआप होतं सगळं." तशी ती बाई फणकारली. "सांगून सैल होतं का हो अंग? मी रोज खुर्चीतल्या माणसाला सांगते, जबडा सैल सोडा. आजवर एकाने सोडला असेल तर शपथ!" तलावातल्या बाकीच्या बायका खदखदून हसल्या. तीही हसली. शिट्टी दातांत धरलेली होती, त्यामुळे हसण्याबरोबर तिच्यातून एक फुसका, ओलसर आवाज निघाला, आणि बायका आणखीच हसल्या. पण तिचं हसू ओठांवरच राहिलं. कारण ते वाक्य तिच्या नवऱ्याचं होतं. शब्द न् शब्द. सैल सोड गं, मग आपोआप होतं सगळं. तो ते चिडून म्हणत नसे. उलट फार समजुतीने, मऊ आवाजात, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे. आणि तो हात खांद्यावर आला की तिच्या पाठीचा कणा मानेपासून कमरेपर्यंत मणका मणका आवळत जाई. इतकी वर्षं ती छताच्या पंख्याकडे बघत ते ऐकत आली होती, आणि आज भर दुपारी, क्लोरीनच्या वासात, तेच वाक्य तिच्या तोंडून एका भ्यालेल्या बाईच्या अंगावर गेलं होतं. त्या बाईने मात्र, गार पाण्यात थरथरत, क्षणभरही न अडखळता जे उत्तर दिलं, ते तिला स्वतःला एकदाही सुचलं नव्हतं.

तास संपला तेव्हा बायका कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या आणि नेहमीसारखा तिथून दारं आपटल्याचा, हसण्याचा, ओले कपडे पिळल्याचा आवाज यायला लागला. ती काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. तलावावर सगळे तिला कोच म्हणत. पोहण्याच्या शर्यतींत तिने एके काळी बक्षिसं मिळवली होती. आता ती काठावर उभी राहून इतरांना पोहायला लावायची. स्वतः पाण्यात उतरून किती काळ झाला हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. वेळच कुठे असतो, असं ती म्हणायची, आणि ते ऐकणाऱ्याला पटायचं. मोबाईलवर नवऱ्याचा निरोप येऊन पडला होता: "आज संध्याकाळची वेळ आहे. विसरू नकोस. मी थेट दवाखान्यात येतो." निरोपाच्या शेवटी एक अंगठा होता. त्या अंगठ्याकडे ती बघत राहिली. वेळ तिच्यासाठी घेतली होती, तिला न विचारता घेतली होती, आणि घेऊन झाल्यावर जेवताना, पोरगी उठून गेल्यावर, त्याने सांगितलं होतं, "एकदा दाखवून घे. काय बिघडलंय ते कळलं की बरं. उगाच अंदाजाने किती दिवस काढायचे?" नवरा लिफ्टचा इंजिनियर होता. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींतल्या लिफ्ट त्याच्या भरवशावर वरखाली होत. बिघाड सापडला की त्याचा चेहरा उजळायचा. न सापडणारा बिघाड त्याला जेवू द्यायचा नाही.

तसं त्याने बरंच करून पाहिलं होतं. आधी त्याला वाटलं ती दमते, म्हणून त्याने भांडी घासायला सुरुवात केली; भांडी घासून झाल्यावर तो ज्या नजरेने तिच्याकडे बघायचा, त्या नजरेमुळे तिला स्वच्छ भांड्यांचीच धास्ती वाटायला लागली. मग त्याच्या कामावरच्या कुणीतरी एका भुकटीचा डबा दिला, बायकांसाठी खास. डब्यावर उधळलेल्या घोडीचं चित्र होतं. ती रोज सकाळी त्यातली चमचाभर भुकटी बाल्कनीतल्या कुंडीत टाकायची आणि डबा संपत आल्याचं त्याला दिसू द्यायची. कुंडीतलं झाड वाळून गेलं. तो वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं, असं तिला पुष्कळदा वाटे. आरडाओरडा करणारा, हात उगारणारा असता तर तिला तिचा राग कुठे ठेवायचा हे कळलं असतं. पण तो वाट बघायचा. शहाण्यासारखी, सोशीक, न बोलता वाट बघायचा, आणि त्या वाट बघण्याने घरातली हवा अशी भरून जायची की खिडक्या उघडल्या तरी ती हलायची नाही. मग ती एखाद्या दिवशी म्हणायची, बरं, ये. त्या 'ये'मध्ये काय असायचं? दया नव्हती, प्रेमही नव्हतं. उद्यापासून चार दिवस तरी घर हलकं राहील एवढीच अक्कल होती. पोरीची वही तपासावी, गॅस बंद आहे ना बघावं, तसं तेही एक उरकायचं. तो झोपला की ती उठून न्हाणीघरात जायची आणि थंड फरशीवर अनवाणी उभी राहायची, खालची चुणचुण ओसरेपर्यंत.

आणि हीच ती, जिने लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला धड हातही धुऊ दिले नव्हते. तेव्हा ते पाण्याच्या टाकीखालच्या एका भाड्याच्या खोलीत राहायचे. वर टाकी भरताना सबंध खोली घुमायची. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि लिफ्टवाल्याला रोज पाच मजले चढावे लागतात यावर ती त्याला येता जाता चिडवायची. खालच्या मजल्यावर त्याचं पाऊल वाजलं की तिला ते ओळखू यायचं. कानांना आधी, मग गळ्याला, मग गुडघ्यांना. तो दारात यायचा, घामाने भिजलेला, बोटांना काळं वंगण लागलेलं, आणि साबणाकडे वळायचा, तर ती साबण पाठीमागे लपवायची. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. कुणी मागितलंही नव्हतं. तिच्यातच कुठूनतरी ते वर चढून यायचं, आणि ते चढायला लागलं की तिला स्वतःचाच एक प्रकारचा अभिमान वाटायचा. शर्यतीत शेवटच्या फेरीला छाती फुटायला आलेली असताना हातपाय आणखी जोर धरतात तेव्हा वाटायचा, तसाच. मग पोरगी झाली. टाके पडले. टाके भरले, पण दुखणं राहिलं. होतं असं, जाईल हळूहळू, असं आई म्हणाली, नर्स म्हणाली, शेजारीण म्हणाली. ते गेलं नाही. फक्त तिने सांगायचं सोडून दिलं. मग वडिलांचं आजारपण, वडिलांचं जाणं, आणि त्यानंतरचे ते महिने, जेव्हा सकाळी ब्रशवर पेस्ट काढणंसुद्धा तिला डोंगराएवढं वाटायचं. त्यातून तिला गोळ्यांनी बाहेर काढलं. रोज एक, पांढरी, मसुराएवढी. त्या गोळीबद्दल तिच्या मनात कृतज्ञता होती आणि अजून आहे. पण बाहेर आल्यावर बऱ्याच दिवसांनी तिच्या ध्यानात आलं, की आतलं काहीतरी थांबलंय. फ्रिजची घरघर एकदम बंद पडते, आणि बंद पडल्यावरच ती इतका वेळ चालू होती हे कळतं, तसं. पोरगी होती, काम होतं, नवरा होता, हसणंसुद्धा होतं. ती घरघर तेवढी नव्हती.

दवाखाना एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत माशांची काचेची पेटी, त्यात एकच मासा. नवरा तिच्या आधी येऊन बसला होता, केस ओले करून विंचरलेले, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा. डॉक्टर साठीच्या बाई होत्या, पांढरे केस कानाबरोबर कापलेले, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच नवऱ्याने सुरुवात केली, "हिची इच्छा कमी झालीये, डॉक्टर. चार-पाच वर्षं तरी झाली असतील. बाकी सगळं ठीक आहे." बाकी मोटर ठीक आहे, दारं तेवढी उघडत नाहीत, असं तिने मनात पुढे जोडलं. डॉक्टरांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता? मासा बघा. फार गुणी आहे." तो गेल्यावर त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला:

"त्रास कोणाला होतोय?"

ती भांडायच्या तयारीनेच आली होती. बसमधून येताना तिने वाक्यं जुळवली होती. "मला नाही," ती म्हणाली.

"मग तुम्हाला काही झालेलं नाही. घरी जा."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच घरी जा. इच्छा कमी असणं हा काही आजार नाही. ज्या बाईला ती नाही आणि त्याचं तिला काही वाटतही नाही, तिला मी कशावर औषध देऊ? नवऱ्याच्या त्रासासाठी बायकोला गोळ्या देत नाही मी. त्यांना हवं तर त्यांच्याशी बोलेन."

ती उठली. पर्स खांद्याला लावली. एवढं सोपं होतं? एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि कुणी म्हटलं नव्हतं? बाहेर जाऊन त्याला सांगायचं, मी ठीक आहे, डॉक्टरांनी सांगितलं, आता हा विषय बंद. दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा तिला वाटलं होतं की आनंद होईल. झाला नाही. त्याऐवजी तिला कशाचं तरी वाईट वाटायला लागलं, इतकं अचानक आणि इतकं जुनं, की तिने मुठीवरचा हात काढून घेतला. दाराकडेच तोंड करून ती म्हणाली, "त्रास आहे. पण त्याला वाटतो तो नाही."

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. घाई न करता त्यांनी सफरचंद कागदात गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. "बोला."

"मला आठवतं," ती म्हणाली. "कसं वाटायचं ते. ती ओढ माझी होती. त्याच्यासाठी वाटायचं, पण होती माझी. ती कुठे गेली ते मला कळत नाही. त्याला काय मिळत नाही याची चौकशी सगळे करतात. त्याची बहीण करते. भुकटीचा डबा देणारा तो कोण माणूस, तो करतो. माझं काय गेलं हे कुणी विचारत नाही. आणि परत आलीच तर ती त्याला द्यायचीच असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. असं असेल तर नको मला. पण मला ती हवीये. माझ्यासाठी हवीये." बोलून झाल्यावर तिला धाप लागली होती.

"दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

पोरगी आता आठवीत होती. एवढ्या काळात हा तीन अक्षरांचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ज्याने विचारायला हवा होता त्यानेही नाही. "हो," ती म्हणाली. "पोरगी झाल्यापासून."

"आणि तरीही?"

"तरीही."

डॉक्टर म्हणाल्या, "जी गोष्ट दुखते तिची ओढ तुमच्या शरीराला वाटत नसेल, तर ते शरीर बिघडलेलं नाही, शहाणं आहे. त्याला काय दोष द्यायचा?" त्यांनी तिला तपासलं. घाई केली नाही. प्रत्येक वेळी आधी विचारलं, आणि एकदा ती "थांबा" म्हणाली तेव्हा तिथल्या तिथे थांबल्या. जुन्या टाक्यांच्या जागी कातडी ओढली गेली होती आणि आतले स्नायू दुखेल या भीतीने इतकी वर्षं आवळून बसले होते, ते आता सोडायचं विसरले होते. त्याला मलम होतं, व्यायाम होते, शिकवणारी एक बाई होती. बरं होतं, पण वेळ लागतो. मग गोळ्यांची चौकशी झाली. "या गोळ्यांनी पुष्कळांची ओढ मंदावते. सांगितलं नव्हतं कुणी?" तिला झोप येईल एवढं सांगितलं होतं. "आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, घातक आहे ते. ज्यांनी दिल्या त्यांच्याशी मी बोलते. दुसऱ्या आहेत, ज्यांचा हा त्रास कमी असतो. रक्तही तपासू, वयामुळे काही बदलत असेल तर कळेल. पण सगळं उत्तर रक्तात सापडेल असं मी म्हणणार नाही." आणि हात धुता धुता, पाठमोऱ्या, त्या आणखी म्हणाल्या, "आणि एक. काहींना आधी भूक लागते, मग त्या ताटावर बसतात. काहींना ताटावर बसल्यावर, वास आल्यावर भूक लागते. विशीत पहिल्या जातीतली बाई चाळिशीत दुसऱ्या जातीतली होते, पुष्कळदा. त्यातही बिघडलेलं काही नाही. फक्त जबरदस्तीने भरवलेल्या माणसाला कुठल्याच ताटाचा वास बरा वाटत नाही."

मग नवऱ्याला आत बोलावलं. डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं, की इतक्यात संबंध नको. जवळ बसा, हात धरा, पाठ चोळा, ती सांगेल तेवढंच, तिथपर्यंतच, आणि ती नको म्हणाली तर का नको हे विचारायचं नाही. तो मान डोलवत राहिला. "म्हणजे साधारण किती दिवस?" त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "मुदत घातली की परीक्षा होते. परीक्षेत कुणाला ओढ वाटते का?" तो हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उतरताना तो लिफ्टमध्ये गेला, ती जिन्याने उतरली.

पहिले काही आठवडे तो नियमाला धरून वागला, जरा जास्तच. संध्याकाळी पोरगी शिकवणीला गेली की दोघं पलंगावर बसायचे आणि तो तिची पाठ चोळायचा. त्याचे हात चांगले होते. ते ती विसरून गेली होती. मान आणि खांदा यांच्या सांध्यात तो अंगठा दाबायचा तेव्हा कधीकधी तिचे डोळे आपसूक मिटायचे. आणि नेमक्या त्याच वेळी तो विचारायचा, "काही वाटतंय का?" पहिल्या वेळी ती म्हणाली, बरं वाटतंय. दुसऱ्या वेळी ती काही बोलली नाही. असं होत होत एक दिवस तिने त्याचा हात खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "दर मजल्यावर थांबून दार उघडून बघू नकोस. मी लिफ्ट नाहीये."

"मी काय केलं आता? त्यांनी सांगितलं तेवढंच करतोय ना?"

"करतोयस. आणि वर मीटरकडे बघतोयस."

"मग काय करू?" तो एकदम ओरडला. आवाज त्याच्याच अंगावर आला असावा, कारण पुढचं तो अगदी खालच्या आवाजात बोलला. "तुला कळतं का, मला काय होतं ते? तू माझ्याकडे बघतेस ना, ते पोरीचा डबा भरताना डब्याकडे बघावं तसं. मला माहितीये गं, मी काही फार देखणा नाही. पण आपल्याच घरात एखाद्या माणसाने किती दिवस नकोसं होऊन राहायचं? तरी मधूनमधून तू हो म्हणायचीस, त्यावर मी दिवस काढले. म्हणायचो, अगदीच काही नाही असं नाही."

इथे तिला गप्प बसता आलं असतं. बसली असती तर संध्याकाळ निभावून गेली असती. त्याने चहा केला असता, पोरगी आली असती, टीव्ही लागला असता. त्याची खाली गेलेली मान बघून तिला खरोखरच कणव आली. पण त्या कणवेचाच तिला संताप आला, कारण आजवरचा प्रत्येक 'ये' तिथूनच निघाला होता. "ते 'हो' खोटं होतं," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी. पोरगी झाल्यापासून. मला दुखायचं. मी डोळे मिटून तू झोपायची वाट बघायचे." तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गोष्टी गेल्या. आधी अविश्वास, मग तो कुठेतरी मागे मागे जात असल्यासारखा, एकेक जुनी रात्र उघडून बघत असल्यासारखा दिसायला लागला, आणि शेवटी त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "म्हणजे मी तुला..." तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याला उच्चारवला नाही. "तू मला सांगायचं नाहीस?" "तू विचारायचं नाहीस?" ती म्हणाली. दोन्ही प्रश्न खरे होते आणि दोन्ही तसेच खोलीत उभे राहिले. तासाभराने तो बॅग भरून बहिणीकडे गेला. जाताना म्हणाला, "मला इथे झोपता यायचं नाही." दारात त्याने नेहमीच्या सवयीने गॅस बंद आहे का ते विचारलं.

"बाबा आत्याकडे का गेलेत?" पोरीने विचारलं.

"आमचं भांडण झालंय."

"कशावरून?"

"माझ्यावरून," ती म्हणाली. पोरीला ते उत्तर पुरेसं वाटलं असावं; तिने दुसरं काही विचारलं नाही, फक्त त्या रात्री आईच्या अंथरुणात येऊन झोपली आणि हातपाय पसरून तिला पार कडेला ढकललं.

दोन दिवसांनी वन्संचा फोन आला. नणंद वयाने बरीच मोठी, पोलिसी थाटात बोलणारी, घरातल्या प्रत्येकाच्या पोटात काय चाललंय याची खबर ठेवणारी. "काय चाललंय तुमचं?" त्यांनी सुरुवात केली. "हा इथे तोंड पाडून बसलाय. धड जेवत नाही. अगं, संसार आहे. बायकांना कुठे रोज उठून हौस असते? डोळे मिटायचे, झालं. आम्ही नाही का केलं?" एरवी तिने हो हो करून फोन ठेवला असता. पण तिच्या तोंडून आलं, "वन्सं, मी पुष्कळ वर्षं मिटले. तुम्हालाही दुखायचं का?" पलीकडे श्वास तेवढा ऐकू येत होता. तो श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला. मग वन्सं म्हणाल्या, "दूध उतू जातंय गं," आणि फोन बंद झाला. दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळी कुणी दूध तापवत नाही. ती फोन हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली. तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. त्या घरात त्या वेळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी एक साठीची बाई आपल्यासारखीच उभी असणार, एवढं तिला दिसलं.

गोळी बदलली. पहिले दिवस वाईट गेले; चक्कर आली, रडू आलं, पोरीवर ती विनाकारण खेकसली आणि मग माफी मागत बसली. व्यायाम शिकवणारी बाई तरुण होती आणि सारखी विनोद करायची. तिच्याकडे आडवं होऊन श्वास सोडताना तिला पहिल्यांदा कळलं, की आपण कुठे कुठे काय काय धरून बसलो होतो. दुखणं एका दिवसात गेलं नाही, पण ते कुठून कुठवर आहे हे कळलं, आणि सीमा कळल्यावर ते लहान झालं. एका दुपारी बायकांचा तास संपल्यावर, सगळ्या गेल्यावर, ती कुणालाही न सांगता पाण्यात उतरली. पोहली नाही आधी. नुसती गळ्यापर्यंत उभी राहिली. मग तळाला पाय मारून सुटली, आणि हात आठवत गेले. शेवटी भिंतीला टेकून ती धापा टाकत होती तेव्हा तिच्या कातडीवर सगळीकडे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, पाणी आहे हे तिला कळत होतं. कुणासाठी नाही. कुणी विचारणारं नाही, काही वाटतंय का म्हणून. वाटत होतं. खूप वाटत होतं.

आणि मग, आणखी काही आठवड्यांनी, बसमध्ये. समोरच्या दुकानाशी एक माणूस ट्रकमधून खोकी उतरवत होता. तोंड दिसत नव्हतं, नुसता कोपरापर्यंत उघडा हात, त्यावरची ताणलेली शीर, खोकं पेलताना मनगटाशी पडलेला पीळ. बस सिग्नलला थांबलेली. तिला वाटलं, हा हात. आणि पोटाखाली काहीतरी उमललं, इतकं स्पष्ट, इतकं बेशरम, की तिने दचकून शेजारच्या म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी पेंगत होती. सिग्नल सुटला, हात मागे गेला, माणूस कोण होता कुणास ठाऊक. पण ती घरघर आत चालू झाली होती. ती खिडकीकडे तोंड करून हसली. उतरायचा थांबा मागे पडला तरी हसतच होती. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "कसं काय?" तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "आहे," आणि डॉक्टरांनी तिच्याकडे बघून आणखी काही विचारलं नाही.

नवरा परत आला तो एका रविवारी सकाळी, पोरीसाठी खाऊ आणि तिच्यासाठी काहीही न घेता. ते तिला आवडलं. त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. बोलणं हळूहळू सुरू झालं, विजेचं, शाळेचं, आणि मग एका संध्याकाळी त्याने भिंतीकडे बघत सांगितलं, की तो त्या डॉक्टरांकडे एकटा जाऊन आला. "त्यांनी काही नाही सांगितलं. नुसतं बसू दिलं. मी रडलो तिथे," तो म्हणाला. "मला त्या सगळ्या वेळा आठवतात. कुठली खरी होती तेच कळेना." ती म्हणाली, "टाकीखालच्या खोलीतल्या सगळ्या खऱ्या होत्या." त्याने मान हलवली. त्याहून जास्त दिलासा तिच्याकडे नव्हता, आणि खोटा तिला द्यायचा नव्हता.

मग तो दिवस. सुट्टीची दुपार, पोरगी मैत्रिणीकडे. तो जमिनीवर बसून जुना टेबलफॅन उघडत होता, स्क्रू वाटीत काढून ठेवत. ती स्वयंपाकघरातून पाणी प्यायला म्हणून आली आणि दारातच थांबली. ऊन त्याच्या मानेवर पडलं होतं. मान वाकलेली, केस मागे पांढरे व्हायला लागलेले, सदऱ्याची कॉलर दुमडून आत गेलेली. तिच्या आत काहीतरी वर चढून आलं. ती घाईने ते तपासायला गेली, ही दया तर नाही? घर हलकं करायची जुनी युक्ती तर नाही? नाही. हे तिच्याच तळव्यांत होतं, जिभेवर होतं, गुडघ्यांत होतं. ती त्याच्या मागे जाऊन बसली, कॉलर बाहेर काढून नीट केली, आणि तिथेच, मानेच्या खाचेत, ओठ टेकवले. तो स्तब्ध झाला. हातातला स्क्रू हातात. "काय गं?" तो म्हणाला. "तू हवा आहेस मला," ती म्हणाली. असं ती आयुष्यात कधी शब्दांत बोलली नव्हती. टाकीखालच्या खोलीतसुद्धा नाही.

तो वळला नाही. तिला त्याच्या पाठीतून त्याच्या हृदयाचे ठोके जाणवत होते. मग तो म्हणाला, हळू, पण पक्का, "आज नाही जमायचं मला. मला अजून राग आहे गं. तुझ्यावर पण, माझ्यावर पण. हो म्हटलं तर ते तसलंच होईल."

तिला लागलं. जिथे लागायला हवं तिथेच लागलं. नको म्हटलं की असं लागतं होय, त्याला लागायचं तसं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण त्या दुखण्याच्या पलीकडे जाऊन तिने आत डोकावलं, भीत भीत, सगळं विझलं असणार असं धरून. विझलं नव्हतं. त्याच्या नकाराला ते विचारायलाही गेलं नव्हतं. तसंच होतं, ऊबदार, उद्धट, तिच्या मालकीचं. त्याला द्यायचं ठरवलं तर देता येईल, नाहीतर अंगावर घेऊन सबंध दुपारभर हिंडता येईल. "बरं," ती म्हणाली, आणि खरोखरच बरं म्हणाली. उठली. त्याच्या केसांतून एकदा हात फिरवला, त्याने तो फिरवू दिला. मग ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर माणसं जात येत होती, सायकली, गाड्या, कुणाच्या तरी रेडिओचा आवाज. कठडा उन्हाने तापला होता. तिने दोन्ही उघडे दंड त्यावर टेकवले, चटका बसला तरी काढले नाहीत, आणि सगळ्या रस्त्याला दिसेल अशी, मान वर करून, नुसती ती ओढ अंगभर घेऊन उभी राहिली.